व्हेंचुरी आधी, कार्बोरेटर नंतर: जुन्या एअर-कूल्ड व्हॅनसाठी निवड कशी करावी

जुन्या फोक्सवॅगन व्हॅनचे इंजिन चढावर दम टाकू लागले की मोठा कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला सर्वात आधी मिळतो, आणि तो देणाऱ्याने बहुधा त्या इंजिनाचे टॅपेटही (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट) तपासलेले नसतात. म्हणून पैसे काढण्यापूर्वी टॅपेट (1600 च्या इंजिनात थंड असताना 0.15 मिमी), डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचा गॅप (0.4 मिमी), टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ, आणि मॅनिफोल्डची, म्हणजे कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीची, गळती पाहून घ्यावी. थ्रॉटलचा, म्हणजे कार्बोरेटरमधल्या हवेच्या झडपेचा, दांडा बोटांनी हलवावा. तो खडखडत असेल तर तेथून जास्तीची हवा ओढली जाते आणि नवे बुश बसवून काम भागते. पूर्वीच्या मालकाने व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणारी सोय) नसलेला डिस्ट्रिब्यूटर बसवलेला असेल, तर ॲक्सिलरेटर हलकेच दाबताना गाडी जी अडखळते, तिचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारू नये.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तरच पुढे जावे. इंजिन मूळ 1584 सीसीचे (हेच ते 1600) आणि मूळ कॅमचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या मूळ दांड्याचे, असेल, तर सुस्थितीतला सोलेक्स 34 पीआयसीटी-3 कार्बोरेटर आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा डिस्ट्रिब्यूटर ही जोडी मी आजही बदलत नाही. तरीही थोडी अधिक ताकद हवीच असेल, तर दोन्ही बाजूंना एकेक वेबर 34 आयसीटी बसवावा. सिलिंडर मोठे करून 1776 सीसीपर्यंत नेलेल्या आणि कॅम बदललेल्या इंजिनाला, तसेच फोक्सवॅगनच्याच टाइप 4 जातीच्या 1970 सीसी इंजिनाला वेबर 40 आयडीएफ किंवा डेलॉर्टो 40 डीआरएलए यांचा जोड शोभतो, कारण त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र बॅरल, म्हणजे हवेची नळी, मिळतो. मधोमध बसणारा दोन बॅरलचा एकच 32/36 मी कोणालाही सुचवत नाही. त्याच्या लांब मॅनिफोल्डला पुरेशी उष्णता मिळाली नाही, तर पेट्रोल थंड भिंतींवर साचते आणि थंड, दमट हवेत कार्बोरेटरखाली बर्फही धरतो.

आता खरी अडचण. कार्बोरेटरच्या नावातला 40 किंवा 44 हा आकडा बटरफ्लाय (थ्रॉटलची गोल चकती) ज्या भोकात फिरते त्याचा मिलिमीटरमधला व्यास सांगतो. इंजिनाच्या स्वभावाबद्दल तो फारसे काही सांगत नाही. स्वभाव ठरवते ती व्हेंचुरी, म्हणजे हवेच्या वाटेतला सर्वात अरुंद गळा. या गळ्यातून हवा वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि त्या जोरावर मेन जेटमधून (पेट्रोल मापून सोडणाऱ्या मुख्य छिद्रातून) पेट्रोल वर खेचले जाते. व्हॅन जड असते, तिचा पुढचा भाग वाऱ्याला भिंतीसारखा अडवतो, आणि ती बहुतेक आयुष्य 2,000 ते 3,500 आरपीएमच्या दरम्यान, बऱ्याच ओझ्याखाली काढते. गळा रुंद असेल तर या टप्प्यात हवेचा वेग पुरत नाही, मेन जेट उशिरा जागा होतो, तोवर आयडल जेटचे, म्हणजे इंजिन संथ चालताना लागणाऱ्या छिद्राचे, पेट्रोल अपुरे पडू लागलेले असते, आणि या दोहोंमधल्या खिंडीत इंजिन उपाशी राहते.

व्हेंचुरीच्या आकड्यांतला फरक वरवर लहान वाटतो, येथेच फसगत होते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. 28 मिमीचा गळा सुमारे 616 चौरस मिमीचा असतो आणि 36 मिमीचा सुमारे 1,018 चौरस मिमीचा, म्हणजे फक्त 8 मिमी वाढले तरी वाट 65 टक्क्यांनी रुंदावते. मी 1776 च्या इंजिनावर 36 मिमी व्हेंचुरी असलेला 44 चा जोड बसवला होता. सपाट रस्त्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की गाडी सुरेख पळे. पण तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला आणि 2,400 आरपीएमच्या आसपास पाय थोडा दाबला की घशात घास अडकावा तसे इंजिन गपकन थांबे, दोन गचके देई आणि 3,500 च्या पुढे एकदम उसळी घेई. मी कित्येक आठवडे आयडल जेट, मेन जेट, एअर करेक्टर आणि इमल्शन ट्यूब (पेट्रोलात हवा मिसळणारे भाग) आलटून-पालटून पाहिले. त्यातले काहीच लागू पडले नाही, कारण चूक जेटमध्ये नव्हती, निवडीत होती. तो जोड उतरवून 28 मिमी व्हेंचुरीचे 40 बसवले, तेव्हा पहिल्याच चढावर इंजिन एकसंध ओढू लागले.

तेव्हापासून माझा हिशेब पक्का आहे. 1,800 सीसीच्या आतील व्हॅनला 28 मिमी. दोन लिटरच्या इंजिनाला 28 किंवा फार तर 30. त्याहून मोठा गळा फक्त अशा इंजिनाला, ज्याचा कॅम 5,000 च्या पुढे काम करण्यासाठी घडवलेला आहे, आणि व्हॅनमध्ये तसा कॅम घालू नये असेच मी सांगेन. विकत घेताना विक्रेत्याला कार्बोरेटरचा आकडा विचारू नये. झाकण उघडायला लावून आतल्या व्हेंचुरीवर कोरलेला आकडा स्वतः वाचावा.

योग्य व्हेंचुरी असूनही तशीच अडखळ येत असेल, तर जेट मागवण्याआधी बटरफ्लायचा स्टॉप स्क्रू पाहावा. बटरफ्लाय मिटलेली असताना प्रोग्रेशनची, म्हणजे आयडलवरून मेन जेटपर्यंतची खिंड भरून काढणारी, बारीक छिद्रे तिच्या कडेच्या जेमतेम वर असतात, आणि पाय दाबताच कड त्यांच्यावरून सरकून एकेक छिद्र पेट्रोल देऊ लागते. स्टॉप स्क्रू जास्त आत फिरवलेला असेल तर ही छिद्रे आयडलवरच उघडी पडतात आणि गरजेच्या वेळी देण्यासारखे त्यांच्यापाशी काही उरत नाही. स्क्रू टेकल्यापासून एका फेरीपेक्षा जास्त आत फिरवू नये. तेवढ्यात आयडल टिकत नसेल तर टायमिंग मागे पडले आहे किंवा कोठेतरी हवा शिरते आहे, आणि ते आधी दुरुस्त केले पाहिजे.

पेट्रोलचा दाब 3 ते 3.5 पीएसआयपेक्षा जास्त नसावा. जास्त दाब फ्लोटची नीडल (पेट्रोल भरले की वाट बंद करणारी सुई) तिच्या बैठकीवरून ढकलतो आणि कार्बोरेटर वाहू लागतो. नळी नवी घ्यावी आणि प्रत्येक जोडाला क्लिप लावावी, कारण मागच्या बंदिस्त खोलीत गरम इंजिनावर पेट्रोल गळणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. दोन्ही बाजूंचे सिंक्रोनायझेशन, म्हणजे दोन्ही कार्बोरेटर सारखे उघडतील अशी जुळणी, इंजिन पूर्ण तापल्यावरच करावे, कारण तापल्यावर केस आणि हेड पसरतात आणि लिंकेजचे (त्यांना जोडणाऱ्या दांड्यांचे) अंतर बदलते.

मेन जेटचा अंतिम निर्णय प्लग पाहून घ्यावा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर चढावर काही मिनिटे ओढून क्लच दाबावा, इंजिन बंद करावे आणि बाजूला थांबावे. किल्ली मात्र स्टिअरिंग लॉकपर्यंत फिरवू नये. प्लग पांढरेफटक दिसले तर मेन जेटचा क्रमांक 5 ने वाढवावा, कारण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पेट्रोल कमी पडले की हेड तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. 1600 च्या जुन्या पंखा-पेटीत ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्याच्या वाटेत उभा असतो, म्हणून पहिला प्लग तिसऱ्याचा काढावा.