बुडापेस्टात फुटबॉल मॅच बघायला जाताय? आधी मुक्कामी गाडीचं बघा

आर्वी-पुसदकडच्या गावात मुक्कामी एसटी किती वाजता येते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. शिकायला हंगेरीत गेल्यावर हीच सवय कामी आणा. मॅच कोणती, बसायचं कुठं, हे नंतर ठरवा. परतायचं कसं ते आधी.

मेट्रो रात्रभर चालत नाही. ६ नंबरची ट्राम मात्र रात्रभर धावते आणि ९ आकड्याने सुरू होणाऱ्या तीन आकडी बस रात्रीच्याच असतात. हॉस्टेलजवळ यातली कोणती थांबते, ते दिवसाच पाहून ठेवा. कागदी तिकीट नुसतं खिशात ठेवून चालत नाही. मशीनमध्ये पंच केलं नाही तर तिकीट असूनही दंड बसतो.

पहिली मॅच फेरेन्त्सवारोशची घ्या. १८९९ चा क्लब, हिरवा-पांढरा, लोकांच्या तोंडी 'फ्राडी'. स्टेडियमसाठी एम३ मेट्रोने नेपलिगेतला उतरा. ऑनलाइन तिकीट काढताना घोळ होतो तो नावात. हंगेरियन माणूस आडनाव आधी लिहितो, अगदी आपल्या दहावीच्या मार्कशीटसारखं. 'वेझेतेकनेव' म्हणजे आडनाव. 'केरेस्तनेव' किंवा 'उतोनेव' म्हणजे स्वतःचं नाव. पासपोर्टात नावापुढे वडिलांचं नाव जोडलेलं असेल तर तेही याच दुसऱ्या रकान्यात, जसंच्या तसं. नाव जुळलं नाही तर गेटवर अडकाल, म्हणून पासपोर्ट सोबत हवाच. तिकिटावर 'सेक्टर', मग 'शोर', मग 'सेक'. सेक्टर म्हणजे विभाग, सेक म्हणजे खुर्ची आणि शोर म्हणजे रांग, गोंगाट नव्हे! गोंगाट हवा असेल तर तो गोलमागच्या कट्टर समर्थकांकडे. पहिल्यांदा जाणाऱ्याने लांबीच्या बाजूचं तिकीट काढावं. अंगात जांभळा शर्ट नको. तो उयपेश्त या प्रतिस्पर्धी क्लबचा रंग, आणि ही दुश्मनी जुनी आहे. लोक सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले दिसतील. 'सोत्यी' म्हणून मागा.

मॅचनंतर ब्लाहा लुयझा तेर हा चौक गाठा, कारण ६ ची ट्राम तिथूनच जाते. तिथून चालत सातव्या वॉर्डात जा. पडक्या वाड्यांच्या चौकात थाटलेल्या बारना 'रोमकोचमा' म्हणतात. सगळ्यात नावाजलेला काझिन्त्सी रस्त्यावरचा सिम्पला केर्त.

न पिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: 'फ्रच' दिसतो सोड्यासारखा, पण त्यात वाइन असते. 'नज्फ्रच'मध्ये दोन डेसी वाइन आणि एक डेसी सोडा, डेसी म्हणजे १०० मिली. सरबतच हवं तर 'मालनासोर्प' मागा, रासबेरीचं. पालिंका ही फळांची दारू किमान ३७.५ टक्क्यांची, मोहाच्या पहिल्या धारेइतकाच मान तिला द्या.

बिलावर 'सेरविझदीय' असेल तर सेवाशुल्क आधीच लागलंय, वेगळी टिप नको. कार्डाच्या मशीनने रुपये की फोरिंट (तिथलं चलन) विचारलं तर फोरिंट निवडा. रुपयांचा दर सहसा महाग पडतो. वात्सी रस्त्यावर अनोळखी मुलींनी आपणहून 'चल, एक चांगला बार दाखवते' म्हटलं तर जाऊ नका. ती जुनी फसवणूक आहे, बिल अव्वाच्या सव्वा येतं.

घरी फोन करायचा तर मॅचच्या आधीच करा. हिवाळ्यात तिथे रात्रीचे नऊ म्हणजे गावात दीड वाजलेला असतो, उन्हाळ्यात साडेबारा.