फियाटचं इंजिन गिअर बॉक्ससकट उतरवताना

आयटीआयला मोटार मेकॅनिकची दोन वर्षं पुरी करून मी कुर्ल्यातल्या एका गॅरेजला लागलो. इंजिनाचे चार स्ट्रोक तोंडपाठ होते, पण गाडीतून इंजिन बाहेर येताना एकदाही पाहिलं नव्हतं. पहिलं उतरवलं ते हँड गिअरच्या, म्हणजे स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेल्या, प्रीमियर पद्मिनीचं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. ही गाडी कुर्ल्यातच प्रीमियरच्या कारखान्यात बनायची. कागदोपत्री नाव काहीही असो, गॅरेजात तिला सगळे फियाटच म्हणतात. ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून ती मुंबईच्या रस्त्यावर दिसेनाशी झाली. आता आमच्याकडे येतात त्या घरच्या गाड्या, कुणाच्या आजोबांनी घेतलेल्या. अशा गाडीवर हात शिकायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं, म्हणून नव्या मुलांसाठी हे लिहितोय.

पहिला प्रश्न सगळे विचारतात: इंजिन एकटंच का नाही काढायचं? नुसती क्लच प्लेट बदलायची असेल तर गिअर बॉक्स खालून उतरवावा, इंजिनाला हात लावू नये. पण इंजिन पूर्ण खोलायचंच असेल तर माझं मत पक्कं आहे, दोन्ही एकत्र काढा. गिअर बॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांमधून जाऊन क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाच्या बुशमध्ये बसतो. गाडीत वाकून, अंधारात, टांगलेलं इंजिन त्या शाफ्टवर सरळ रेषेत बसवणं फार जिकिरीचं असतं. जरा तिरकं झालं की सगळं वजन त्या शाफ्टवर आणि प्लेटवर येतं. सुरुवातीला माझ्या हातून हेच झालं. बोल्ट अर्धे लावून गिअर बॉक्स रात्रभर तसाच लोंबकळत ठेवला. गाडी जोडून रस्त्यावर काढली तर पहिल्या गिअरला अंगभर थरथरायची. पुन्हा सगळं खोललं तेव्हा क्लच प्लेटचा मधला भाग वाकलेला निघाला. मालकांना गाडी आठवडाभर उशिरा मिळाली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. बाहेर जमिनीवर हेच काम दोघांत पंधरा मिनिटांत, डोळ्यांसमोर होतं.

कामाची खरी सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. सायलेन्सर पाइप मॅनिफोल्डला (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या बिडाच्या नळ्यांना) जिथे जोडलेला असतो, तिथले नट वर्षानुवर्षं भाजून धरलेले असतात. त्यांना गंज सोडवणारं तेल पाजून रात्रभर ठेवा. सकाळी घाईने पाना मारून स्टड मोडला, तर उरलेला तुकडा काढण्यात अख्खा दिवस जातो. त्याच संध्याकाळी इंजिन नंबर आणि चॅसी नंबर पुसून, वाचून, आरसी बुकाशी ताडून घ्या. जुन्या गाडीत इंजिन कधी बदललेलं असेल तर ते मालकांना आधीच कळलेलं बरं.

सकाळी बॅटरीची अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर, आधी सोडायची. मग बॉनेट काढायचं, बिजागरीभोवती खडूने रेघ मारून, म्हणजे परत बसवताना फट सारखी येते. पाणी सोडून रेडिएटर काढला की पुढे ऐसपैस जागा होते. पेट्रोलच्या पाइपात लगेच बूच मारा. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही काढा, कारण पुढे सगळं तिरकं होणार आहे. प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नंबर लिहायचा. मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोत वायर कुठून कुठे जाते ते दिसत नाही, नंबर मात्र चुकत नाही. सुटलेला बोल्ट शक्य असेल तिथे त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा.

गाडीखालची कामं वेगळ्या डोक्याने करायची. प्रोपेलर शाफ्ट (गिअर बॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) सोडण्याआधी जोडाच्या दोन्ही चकत्यांवर, म्हणजे फ्लँजवर, पोगराने (टोकदार पंचने) एकेक खूण मारा. शाफ्ट फिरवून बसला तर गाडी वेगात असताना गुणगुणते. स्टिअरिंगकडून येणाऱ्या हँड गिअरच्या दांड्या सोडताना त्यांचे वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने सुतळीत ओवून ठेवायचे. स्पीडोमीटरची केबल, क्लचची जोडणी, मग गिअर बॉक्सखाली जॅकवर लाकडी ठोकळा देऊन मागचं माउंटिंग, म्हणजे बॉडीला धरून ठेवणारा आधार, सोडायचं. पुढची माउंटिंगं सगळ्यात शेवटी, साखळी ताणल्यावर.

साखळी ब्लॉकला घट्ट बसवलेल्या जाड बोल्टांनाच लावा. मॅनिफोल्ड किंवा डायनॅमोच्या ब्रॅकेटला कधीच नाही. मागची बाजू लांब ठेवायची, म्हणजे इंजिनाचं नाक वर आणि गिअर बॉक्सची शेपटी खाली राहते. आमची चेन पुली छताच्या गर्डरला पक्की आहे, त्यामुळे इंजिन पुढे नेता येत नाही, गाडी मागे न्यावी लागते. म्हणून उचलण्याआधी गाडी घोड्यांवरून (खालून काम करताना गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवरून) उतरवून चाकांवर आणतो. एकजण चेन ओढतो, एकजण शेपटी धरतो, आणि मिस्त्री सांगतील तेवढीच गाडी मागे ढकलायची. चेन थोडी, गाडी थोडी. लटकलेल्या इंजिनाखाली हात किंवा पाय कुणाचाही नको.

पहिल्या वेळी इंजिन वीतभर उठलं आणि अडलं. मी पहार घ्यायला धावलो. मिस्त्री म्हणाले, "थांब रे पोरा. अडलंय म्हणजे कशानेतरी धरलंय. ओढू नको, हात फिरव."

त्यांनी माझा पंजा धरून इंजिनाला प्रदक्षिणा घालायला लावली. पंख्यापासून सुरू करून डाव्या बाजूने मागे, बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) वरून, उजव्या बाजूने पुन्हा पुढे. मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) सांदीत बोटांना विणलेली तांब्याची पट्टी लागली. बॉडीची अर्थ. तेलात माखून काळी झाली होती, दिव्यातही दिसत नव्हती. तेव्हापासून चेन ताणण्याआधी मी ही प्रदक्षिणा डोळे मिटून घालतो, आणि शिकाऊ मुलगा असेल तर त्यालाही घालायला लावतो.

इंजिन बाहेर आलं की लगेच जुन्या टायरवर टेकवायचं, चेन थोडी ताणलेलीच ठेवून. गिअर बॉक्स वेगळा करताना एकाने तो दोन्ही हातांनी तोलून सरळ मागे घ्यायचा, शाफ्ट प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत खाली झुकू द्यायचा नाही. मग बेल हाउसिंगच्या आत बोट फिरवून बघा. दाट, उग्र वासाचं गिअर ऑइल लागलं तर गिअर बॉक्सचं सील गेलंय. पातळ काळं ऑइल असेल तर ते क्रँकच्या मागून आलंय. पुसायच्या आधी बघा, आणि मालक जवळ असतील तर त्यांनाही बोलावून दाखवा.