पहाटेची पोटदुखी: कॅज्युअल्टीत नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीची (तातडीच्या विभागाची) पोस्टिंग लागलेल्या किंवा सरकारी सेवेच्या बाँडवर ग्रामीण भागात मेडिकल ऑफिसर म्हणून निघालेल्या पोरापोरींसाठी लिहितेय. एबीसी, ट्रायाज, जीसीएस (तातडीच्या पेशंटची पहिली तपासणी) तुम्हाला येतं, ते परत सांगत बसत नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं तेवढंच सांगते, आणि त्यातली एक गोष्ट जरा जास्तच लांबवणार आहे कारण ती आठवली की अजूनही माझ्या पोटात खड्डा पडतो.

माझं बाँडचं पहिलं पोस्टिंग होतं, महिना जुलैचा शेवट, पाऊस चार दिवस थांबला नव्हता. पहाटे साडेचारला मोटरसायकलवर मधे बसवून एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आणला, पुढे वडील, मागे चुलता. दोन उलट्या झालेल्या, पोटात कळा, घसा दुखतोय म्हणत होता. पल्स १०४, बीपी १३० बाय ८०, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९८, पोट मऊ. वडील म्हणाले रात्री आखाडाचं मटण होतं. झालं, माझ्या डोक्यात डायग्नोसिस पक्कं. केसपेपरवर ॲक्यूट गॅस्ट्रायटिस (जठराची सूज) लिहिलं, ॲसिडिटीचं पॅन, उलटीचं एमसेट, आरएलचं एक सलाईन, आणि बेडवर झोपवलं. घरच्या कुणाला त्रास होतोय का हे विचारलं नाही. मटण सगळ्यांनीच खाल्लं होतं आणि उलटी फक्त याला झाली होती, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मधे एकदा मी त्याच्या बेडजवळून गेले, तो डोळे मिटून पडलेला, हाक मारल्यावर अर्धवट उघडले आणि परत मिटले. मला वाटलं रात्रभर जागा आहे, झोप लागतेय. पावणेसहाला सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्याला डोळे उघड म्हटलं तर कपाळाला आठ्या घालतोय पण पापणी वर जात नाहीये, जरा बघा." मी गेले. खरंच, भुवया वर ताणल्या होत्या आणि पापण्या अर्ध्यावर. बोलायला लावलं तर आवाज नाकातून. मान उचल म्हटलं, उशीवरून मान उचलेना.

मग वडलांना विचारलं, पोरगा झोपला कुठे होता? "खालीच मॅडम, चटईवर, आम्ही सगळेच खाली झोपतो." आणि मग आठवल्यासारखं करून म्हणाले, दोनच्या सुमाराला उठला होता, कानापाशी मुंगी चावली म्हणाला, परत झोपला.

मण्यार.

आता हा सापळा नीट समजून घ्या, कारण एमबीबीएसमध्ये आपण 'बिग फोर' पाठ करतो, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, पण पाठ करताना डोक्यात चित्र असतं ते सुजलेल्या पायाचं, दोन दातांच्या खुणांचं, आणि 'साप चावला' म्हणत आलेल्या पेशंटचं. मण्यारीचा पेशंट यातलं काहीही घेऊन येत नाही. ती रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात बारीक, दुखणं जवळपास नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही, सापडली तरी डास चावल्यासारखी. माणूस परत झोपतो आणि दोन-तीन तासांनी पोटात दुखायला लागलं म्हणून उठतो. उलटी होते, घसा दुखतो, कधी अंग आणि सांधे दुखतात. आणि ही वेळ नेमकी पहाटेची, जेव्हा तुम्ही वीस-बावीस तास जागे असता आणि पोटदुखीसाठी तुमचा हात आपोआप पॅनकडे जातो.

पुढची गडबड आणखी वाईट. पक्षाघाताची सुरुवात होते पापण्यांपासून आणि पहाटे पाचला पापण्या मिटलेला माणूस झोपाळूच दिसतो. त्यात कुणी फेनर्गन किंवा एविल दिलं असेल तर आपण म्हणतो इंजेक्शनने झोप आली. म्हणून पोटदुखीच्या पेशंटला एवढंच सांगा की डोकं न हलवता एक मिनिट छताकडे बघ. नॉर्मल माणूस बघतो. याची पापणी हळूहळू खाली यायला लागते. जीभ बाहेर काढायला सांगा, दाताच्या पुढे येते का बघा. मान उचलायला सांगा. एका श्वासात आकडे मोजायला सांगा आणि किती झाले ते केसपेपरवर वेळेसकट लिहा, अर्ध्या तासाने परत मोजायला लावा. पंचवीसवरून बारावर आला तर तुम्हाला मॉनिटरची गरज नाही.

मॉनिटरवरून आठवलं. सॅच्युरेशनवर विसंबू नका, प्लीज. माझा पेशंट मान उचलू शकत नव्हता तेव्हा सॅच्युरेशन ९७ होतं. श्वासाचे स्नायू थकत जातात, लाळ घशात साठायला लागते, कार्बन डायऑक्साईड वाढतो, आणि बोटावरचा आकडा शेवटपर्यंत छान दिसतो. तो पडतो तेव्हा हातात फार थोडी मिनिटं उरलेली असतात. श्वासनलिकेत ट्यूब टाकायचा निर्णय मान, लाळ आणि आवाज बघून घ्यायचा.

दुसरा फसवा दिलासा म्हणजे वीस मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट, म्हणजे रक्त गोठतं का ते बघणं. दोन एमएल रक्त, स्वच्छ कोरडी काचेची ट्यूब, वीस मिनिटं हात न लावता ठेवायची. प्लास्टिकची नको, साबणाने धुतलेली नको. ही टेस्ट घोणस आणि फुरशासाठी सोन्यासारखी आहे. मण्यारीत आणि नागात रक्त व्यवस्थित गोठतं. म्हणजे ट्यूबमध्ये गाठ झाली म्हणून पेशंट घरी पाठवला असं करायचं नाही, संशय असलेला प्रत्येक पेशंट २४ तास डोळ्यासमोर हवा.

उपचाराचं थोडक्यात, कारण प्रोटोकॉल तुमच्याकडे असतोच. एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) १० व्हायल, सलाईनमधून तासाभरात, टेस्ट डोस नाही. लहान मुलालाही तेवढ्याच, विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी येत नाही. ॲड्रिनॅलिन आधी सिरिंजमध्ये भरून ठेवा, रिॲक्शन आली तर मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीत. मला सुरुवातीला एएसव्हीच्या रिॲक्शनची इतकी भीती वाटायची की व्हायल फोडताना हात थांबायचा. भीती वाटू दे, पण ॲड्रिनॅलिन हाताशी असेल तर बहुतेक रिॲक्शन सांभाळता येतात, मी सांभाळल्यात. निओस्टिग्मिन-ॲट्रोपिन देऊन बघायला हरकत नाही, नागात कधी कधी डोळ्यादेखत पापणी उघडते. मण्यारीत फार आशा ठेवू नका, कारण तिचं विष मज्जातंतूच्या टोकालाच खराब करतं आणि ते टोक नव्याने तयार व्हायला दिवस लागतात. त्याच कारणाने एएसव्ही दिली तरी आलेला पक्षाघात लगेच उतरत नाही. एएसव्ही फिरणाऱ्या विषासाठी, आणि पेशंटला जगवणार आहे तुमचा अँबू (हाताने दाबून श्वास द्यायची बॅग) किंवा व्हेंटिलेटर. हे नातेवाईकांनाही सुरुवातीलाच सांगा, नाहीतर दहा बाटल्या संपल्या तरी पोरगा डोळे उघडत नाही म्हणून ते त्याला उचलून कुठेतरी घेऊन जातात.

आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. ट्यूब टाकली, तोपर्यंत मी मोजून चार ट्यूब टाकल्या होत्या त्याही सर शेजारी उभे असताना. पहिल्यांदा अन्ननलिकेत गेली, काढली, बॅगिंग केलं, दुसऱ्यांदा बसली. एएसव्ही लावूनच १०८ मध्ये चढवला आणि जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत मी, ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर आणि मुलाचा चुलता आळीपाळीने अँबू दाबत गेलो. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला. पण तो वाचला म्हणून माझी चूक लहान होत नाही. सव्वा तास तो माझ्यासमोर पडून होता आणि मी शेजारून निघून गेले. त्या दिवशी सिस्टर रजेवर असत्या तर काय झालं असतं याचं उत्तर मला माहितीये.

म्हणून माझं ठाम मत, पटलं नाही तरी ऐकून ठेवा. कॅज्युअल्टीत तुमचा पहिला गुरू म्हणजे दहा-पंधरा वर्षं नाईट केलेली सिस्टर. ती "जरा बघा" म्हणाली की हातातला चहा ठेवून उठायचं, वाद घालायचा नाही. एचओडींचं (विभागप्रमुखांचं) राऊंडवरचं ज्ञान मोठं असतं पण ते पहाटे साडेचारला तिथे नसतात. आणि सीनियर लोक जे रेडीमेड कॉम्बिनेशन शिकवतात, पोटदुखी म्हणजे हे तीन इंजेक्शन, चक्कर म्हणजे ते दोन, ते शिकू नका. गर्दी उपसायला बरं पडतं, मान्य, शंभर पेशंटची रांग मी पण बघितलीये. पण त्या कॉम्बिनेशनने प्रश्न विचारायची सवय मोडते, आणि एकदा मोडली की परत लागायला एखादा पेशंट जावा लागतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफचंही तेच. डोस बघायला ठीक, पेशंट बघायला नाही.

कुणाकडून शिकायचं असेल तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम बघा. लाल विंचवाच्या दंशात हृदयावर काय परिणाम होतो हे त्यांनी कोकणात, पेशंटच्या उशाशी बसून टिपलं, १९८२ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे प्राझोसिनच्या साध्या गोळीने ज्या दंशात माणसं पटापट जायची त्यात ती वाचायला लागली. २०२२ ला पद्मश्री मिळाली. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं परत परत बघणं. आपल्याकडे साधनं कमी आहेत ही तक्रार मी पण करते आणि ती खरी आहे, पण अर्ध्या तासाने परत जाऊन बघायला साधन लागत नाही.

बाकी गोष्टी भरभर सांगते. चाळिशीपुढच्या कुणालाही छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जळजळ असेल, त्यातून शुगर असेल, तर ॲसिडिटी म्हणण्याआधी ईसीजी, आणि पहिला नॉर्मल आला तर थोड्या वेळाने दुसरा. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या प्रत्येकाची शुगर आधी, दारूचा वास येत असेल तरीसुद्धा. कीटकनाशक प्यायलेल्याला ॲट्रोपिन देताना बाहुलीकडे बघत बसू नका, छाती कोरडी होतेय का ते ऐका. विंचवाच्या पेशंटला दरदरून घाम आणि गार हातपाय असतील तर तो नुसता दुखण्याचा पेशंट नाही.

सापाचा फोटो किंवा मेलेला साप घेऊन नातेवाईक येतात. त्यात अडकू नका. कवड्या साप मण्यारीसारखाच दिसतो आणि तो बिनविषारी आहे, भल्याभल्यांची गफलत होते. साप कुठला यापेक्षा पापणी कुठे आहे ते बघा. मांत्रिकाकडे नेलं होतं म्हणून नातेवाईकांवर ओरडूही नका, मी एकदा ओरडले आणि पुढचा अर्धा तास त्यांनी मला काहीच खरं सांगितलं नाही.

कागद पण नीट लिहा. एमएलसी (पोलिसांसाठीची नोंद), आल्याची वेळ, कुठली लक्षणं कधी दिसली. दंशाने शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कुटुंबाला २ लाख मिळतात, आणि तुम्ही घाईत 'गॅस्ट्रायटिस' लिहून ठेवलेला केसपेपर त्याच्या बायकोच्या आड येऊ शकतो.

आता शेवटची गोष्ट, जी मला त्या मुलानेच सांगितली. महिन्याभराने वडलांबरोबर आला होता, शाळेसाठी सर्टिफिकेट हवं होतं. सही करताना म्हणाला, "मॅडम, गाडीत तुम्ही रडत होता ना." गाडीत तो पूर्ण लुळा होता, बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला हलत नव्हत्या, बघणारा मेलाच म्हणाला असता. चुलता विचारत होता पोरगं गेलं का, तेही त्याने ऐकलेलं. मण्यारीचा पेशंट असा दिसतो तेव्हा बहुतेक वेळा तो आत जागा असतो. त्याला ब्रेन डेड समजून कुणी अँबू सोडून द्यायचा नाही. ट्यूब टाकताना आणि नंतरही झोपेचं औषध द्या, सुईचं दुखणं त्याला सगळं कळतं. पापण्या मिटत नसतील तर डोळ्यात थेंब टाकून पट्टीने बंद करा, नाहीतर बुबुळ सुकतं. आणि बॅग दाबता दाबता त्याच्याशी बोला, नाव घेऊन, आपण कुठे पोचलो, वडील मागच्या गाडीत आहेत, असं काहीही.