इतरांची थंबनेलं वाचायची कशी: उदाहरण उकडीच्या मोदकांचं

गणपतीच्या आधी यूट्यूबवर ‘उकडीचे मोदक’ शोधा. केळीचं पान, त्यावर पांढरेशुभ्र मोदक, एक फोडून आतलं सारण दाखवलेला आणि वर जाड अक्षरांत ‘न फुटणारे’, अशीच थंबनेलं, म्हणजे व्हिडिओवरची छोटी चित्रं, ओळीने दिसत जातात. रेसिपी चॅनेल चालवणाऱ्याने या गर्दीत शिरण्याआधी ती नीट वाचायला हवी.

शोध ब्राउझरच्या इनकॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकीत घ्या, नाहीतर तुमच्याच आवडीचे व्हिडिओ वर येतात. एकदा देवनागरीत आणि एकदा रोमन लिपीत टाइप करा, कारण दोन्हींचे निकाल सारखे नसतात. दोन्हींच्या पहिल्या वीस निकालांचे स्क्रीनशॉट फोनवरच काढा. त्यातून आठ-दहा चॅनेलं निवडा आणि निम्मी तरी तुमच्या आकाराची असू द्या. लाखो सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलवर लोक ओळखीचा चेहरा बघून क्लिक करतात, त्यामुळे तिथे थंबनेलचा वाटा किती हे कळत नाही.

खरी अडचण पुढे येते. दुसऱ्याचा क्लिक-थ्रू रेट, म्हणजे थंबनेल दिसल्यावर किती टक्के वेळा क्लिक झालं, आपल्याला दिसत नाही, दिसतात फक्त व्ह्यूज, आणि नुसते व्ह्यूज फसवतात. म्हणून प्रत्येक व्हिडिओ त्याच चॅनेलच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून बघा. महिन्याहून जुने, शॉर्ट्स वगळून शेवटचे तीस व्हिडिओ घ्या, व्ह्यूजच्या उतरत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा धरा. सरासरी नको, एकच व्हायरल व्हिडिओ ती फुगवतो. मधला आकडा ८ हजार असताना एखाद्याला ३० हजार मिळाले असतील, तर तो अभ्यासाचा. दोन लाखांची सवय असलेल्या चॅनेलवरचा दीड लाखाचा व्हिडिओ मात्र नेहमीपेक्षा कमीच चालला असं समजा.

मधल्या आकड्याच्या तिप्पट चाललेले आणि निम्म्यावर अडकलेले, दोन्ही गट नोंदवा. बहुतेक जण फक्त चाललेले बघतात आणि ‘पिवळी अक्षरं चालतात’ असा निष्कर्ष काढतात. पडलेल्यांतही तितकीच पिवळी अक्षरं असतात, हे बघायचं राहून जातं. सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे एकाच चॅनेलने एकच पदार्थ दोनदा केलेला असणं. मोदक दरवर्षी होतात, त्यामुळे अशा जोड्या सापडतात. तिथेही तारखा बघा, सणाच्या आधी आलेला आणि विसर्जनानंतर आलेला व्हिडिओ एका मापाने मोजता येत नाही. थंबनेल मागाहून बदललेलंही असू शकतं, म्हणून स्क्रीनशॉटवर तारीख टाकून ठेवा.

शीटमध्ये रकाने मोजकेच ठेवा: पदार्थाने किती चौकट व्यापली, हात किंवा चेहरा आहे का, मागचा रंग, शब्द किती आणि ते कसलं आश्वासन देतात. ‘कपाने मोजून’ हे आश्वासन झालं. शीर्षकच पुन्हा थंबनेलवर लिहिलं असेल, तर ती जागा वाया गेली.

आता आपलं डिझाइन. १२८० × ७२० पिक्सेलवर बनवा, मग आधी काढलेल्या स्क्रीनशॉटमधल्या थंबनेलांएवढं छोटं करून त्यातच मधोमध चिकटवा आणि सगळं कृष्णधवल करून बघा. पांढऱ्या ताटलीतले पांढरे मोदक इथेच नाहीसे होतात. मोदकाच्या कळ्या दिसायला समोरून फ्लॅश नको, बाजूने खिडकीचा उजेड हवा. उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नका, तिथे व्हिडिओची वेळ बसते.

देवनागरी अक्षरांचा त्रास वेगळा. अक्षराला जाड किनार दिली की ‘ळ’ आणि ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात, म्हणून किनार बारीकच ठेवा. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. अंतर वाढवा, किंवा चार शब्दांत एकच ओळ करा, ते अधिक बरं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फॉन्ट मोफत मिळतात आणि जाड ठशातही वाचता येतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जात असेल, तर प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडा.

दुसऱ्याचा फोटो किंवा हुबेहूब मांडणी उचलू नका. फोटोवर कॉपीराइट असतोच, शिवाय प्रेक्षक तुमचा व्हिडिओ त्यांचाच समजून बघतो. रिकामी जागा शोधा: वीसही जणांनी तयार मोदक दाखवले असतील, तर कळ्या पाडणारी बोटं दाखवा.

शेवटी यूट्यूब स्टुडिओत तीन थंबनेलं चाचणीला लावा. तिन्हींत फरक ठळक ठेवा, नुसता रंग बदलून काही कळत नाही. यूट्यूब विजेता निवडतं ते पाहण्याच्या वेळेवरून, क्लिकवरून नव्हे. त्यामुळे ‘न फुटणारे’ लिहून व्हिडिओत मोदक फुटले, तर ते थंबनेल हरू शकतं. चाचणीला दोन आठवडे लागू शकतात, म्हणून मोदकांचा व्हिडिओ चतुर्थीच्या निदान तीन आठवडे आधी चढवा.