इंडिकेटरचा स्विच बदलताना

इंडिकेटर एकाच बाजूला भराभर लुकलुकत असेल तर स्विचला हात लावू नका, बहुतेक वेळा त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो. इंडिकेटरची दांडी जागेवर अडकत नाही, किंवा वळण संपल्यावर आपोआप परत येत नाही, तर मात्र दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या प्लास्टिकच्या कॅममध्ये (दांडी परत आणणाऱ्या भागात) शोधा.

आधी चाके सरळ करा. एअरबॅगची गाडी असल्यास बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून निदान दहा मिनिटे थांबा. एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरतो. स्टिअरिंग कॉलमखालचे (स्टिअरिंगमागच्या खांबाखालचे) स्क्रू काढून कव्हर उघडा आणि नीट बघा. बऱ्याच गाड्यांत स्विच दोन स्क्रूंवर बाजूने सरकून निघतो, स्टिअरिंग उतरवावेच लागत नाही.

उतरवावे लागलेच तर एअरबॅग काढून, कव्हरची बाजू वर ठेवून, बाजूला ठेवा. शाफ्ट आणि स्टिअरिंगवर खूण करा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे शिल्लक ठेवून ओढा, नाहीतर स्टिअरिंग थेट तोंडावर येते. हातोडी नको, कॉलम अपघातात दबण्यासाठी बनवलेला असतो. स्टिअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगवर (हॉर्न आणि एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली पट्टी) लगेच चिकटपट्टी लावा, म्हणजे ती फिरणार नाही. ती फिरली आणि तशीच बसवली, तर पूर्ण वळणावर आतली पट्टी तुटते, मग हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू.

कनेक्टर वायर धरून ओढू नका, लॉक दाबा. स्टिअरिंगचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरालाच) आवळा. एअरबॅग जोडून मगच बॅटरी लावा. दोन्ही इंडिकेटर, डिपर तपासा, आणि स्टिअरिंग फिरवून दांडी परत येते का तेही. खालचे कव्हर सगळ्यात शेवटी.