लघवी कमी झाली होती, पण लिहून ठेवली नव्हती: किडनीला अचानक इजा होते तेव्हा या चुका टाळा

वॉर्डात सकाळी सहाला मावशी युरिन बॅगा रिकाम्या करत फिरतात. नऊला आम्ही राउंडला येतो तेव्हा प्रत्येक बॅगेत थोडीथोडी लघवी साचलेली असते आणि चार्टवर आउटपुटच्या रकान्यात ‘पुरेसं’ असं लिहिलेलं असतं. मी रेसिडेंट असताना जुलाबाने दाखल झालेल्या एका सत्तरीच्या आजींच्या चार्टवर हे ‘पुरेसं’ सलग दोन दिवस होतं. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बसली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ, ४.२ आलं. धावपळ झाल्यावर मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “त्या आजींच्या बॅगेत काय नसतंच डॉक्टर. परवापास्नं तळालाच आहे, आणि रंग चहासारखा.” मावशींना दोन दिवस दिसत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

किडनीला अचानक होणाऱ्या इजेला वॉर्डात एकेआय म्हणतात. ती बहुतेक वेळा दुखत नाही. ताप, जुलाब, न्यूमोनिया किंवा ऑपरेशनच्या आडून ती येते आणि वेळीच ओळखली तर पुष्कळदा भरून येते. पुढे ज्या चुका लिहिल्या आहेत त्या बहुतेक मी स्वतः केलेल्या किंवा डोळ्यांसमोर झालेल्या आहेत. नव्या डॉक्टरांनी, सिस्टरांनी वाचाव्यात आणि खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या नातेवाइकांनीही, कारण यातल्या काही गोष्टी आधी त्यांच्याच लक्षात येतात.

“रिपोर्ट नॉर्मल आहे”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. आजींचं दाखल होतानाचं क्रिएटिनिन १.१ होतं. लॅबच्या कागदावर १.२ पर्यंत नॉर्मल छापलेलं, म्हणून आम्ही पुढे सरकलो. आजींच्या मुलाजवळच्या कापडी पिशवीत, रेशनकार्डाच्या झेरॉक्सला चिकटलेला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा चार महिने जुना रिपोर्ट होता. त्यात क्रिएटिनिन ०.६. म्हणजे आजी आल्या तेव्हाच ते जवळपास दुप्पट झालेलं होतं.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. अंगावर मांस नसलेल्या म्हाताऱ्या बाईचं मुळातच कमी असतं, त्यामुळे लॅबच्या नॉर्मलशी नाही, त्या माणसाच्या आधीच्या आकड्याशी तुलना करायची. केडिगो या आंतरराष्ट्रीय किडनी-संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीनपैकी एक गोष्ट असली तरी एकेआय धरायचा: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढणं, ७ दिवसांत मूळच्या दीडपट होणं, किंवा सलग ६ तास लघवी वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलीपेक्षा कमी होणं. पन्नास किलोच्या माणसाला सहा तासांत १५० मिली, म्हणजे चहाचा एक मोठा कप. त्याच्याखाली गेलं की सावध व्हायचं, मग रिपोर्ट काहीही म्हणो.

दुसरी अडचण अशी की क्रिएटिनिन मागून येतं. दोन्ही किडन्या आज पूर्ण थांबल्या तरी ते दिवसाला साधारण १ ते १.५ नेच चढतं. पहिल्या दिवशीचं २.० पाहून ‘थोडंच वाढलंय’ म्हणू नका. त्या वेळी किडनी जवळजवळ बंद असू शकते. रिपोर्टखाली छापलेला ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, तोही अशा वेळी धरायचा नाही. ते सूत्र क्रिएटिनिन स्थिर असलेल्या माणसासाठी आहे.

लघवी अंदाजाने लिहिणं

लघवी रिपोर्टच्या आधी सांगते, म्हणून तिचा आकडा हवा. बॅगेवरच्या रेघांवर विसंबू नका, बॅग फुगली की त्या फसवतात. ओतण्याआधी मापाच्या जारमध्ये घ्या आणि वेळेसकट मिली लिहा. मावशींना आणि मामांना एवढं सांगून ठेवा की मोजल्याशिवाय ओतायचं नाही. आमच्या वॉर्डात आम्ही खाटेच्या दांड्यालाच कागद आणि दोरीने बांधलेलं पेन लटकवलं, तेव्हापासून आकडे यायला लागले.

मोजता यावं म्हणून प्रत्येकाला कॅथेटर (लघवीची नळी) घालू नका, त्यातून जंतुसंसर्ग होतो. चालत्याफिरत्या पेशंटला मापाचं भांडं देऊन नातेवाइकांना लिहायला सांगितलं तर ते मन लावून लिहितात.

आणि लघवीची साधी तपासणी पहिल्याच दिवशी करा. ती फार स्वस्त आहे आणि फार विसरली जाते. प्रोटीन तीन प्लस आणि सोबत रक्तपेशी असतील तर हा नुसता पाणी कमी पडल्याचा मामला नाही, किडनीच्या गाळण्यांनाच सूज असू शकते. तिथे सलाईन लावून वाट बघत बसायचं नाही, नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीतज्ज्ञाला, त्याच दिवशी फोन करायचा.

पुढे तुंबलंय का ते न बघणं

म्हातारा पुरुष, लघवी बंद, क्रिएटिनिन चढतंय. अशा वेळी ओटीपोटावर हात ठेवा. मूत्राशय नारळासारखं टणक लागलं तर निम्मं निदान तिथेच झालं. प्रोस्टेटने वाट अडवलेली असते आणि कॅथेटर घालताच लिटरभर लघवी येते. कॅथेटर आधीच आहे आणि एकाएकी थेंबही येत नाही, तर नळी मांडीखाली दबली आहे का, गुठळीने बंद झाली आहे का, ते आधी पाहा. नळी दबलेली असताना ‘अन्युरिया’ (लघवी पूर्ण बंद) म्हणून रात्री अडीचला नेफ्रॉलॉजिस्टला उठवल्याचं मी पाहिलं आहे. सोनोग्राफी २४ तासांच्या आत व्हायला हवी. दोन्ही बाजूंचे खडे किंवा गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांची पहिली ओळख पुष्कळदा अशीच होते. तुंबलेलं मोकळं झाल्यावर लघवी धो धो येऊ शकते, तेव्हा सोडियम-पोटॅशियम पाहत राहा.

घरच्या गोळ्या तशाच चालू ठेवणं

आजींना जुलाब सुरू झाल्यावर पोटात मुरडा आला, गावातच डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मिळालं. बीपीची टेल्मिसार्टनची गोळी, तीही लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या जोडीची, रोज सकाळी न चुकता चालू होती. दाखल झाल्यावर आम्हीच ती चार्टवर उतरवून पुढे चालू ठेवली.

किडनीच्या गाळणीत रक्त एका बारीक नळीतून आत येतं आणि दुसरीतून बाहेर जातं. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर आतली नळी रुंद करतं, बाहेरची आवळतं आणि गाळणीतला दाब टिकवून धरतं. डायक्लोफिनॅक, ब्रुफेनसारखी पेनकिलर आतली नळी रुंद होऊ देत नाहीत. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल बाहेरची आवळू देत नाहीत. त्यात जुलाबाने पाणी गेलेलं आणि वरून लघवीची गोळी. गाळणीत दाब उरणार कुठून?

म्हणून उलट्या-जुलाब, खाणंपिणं बंद, तापाने ग्लानी असं काही असेल तर पेनकिलर बंद, आणि बीपीच्या या गोळ्या नि लघवीची गोळी डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी थांबवायची. वेदनेला पॅरासिटामॉल चालतं. किडनी बसलेली असताना डायबेटिसचं मेटफॉर्मिनही थांबवायचं, त्याने रक्तात आम्ल साचतं. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड अंगात जास्त वेळ राहतात, कालचाच डोस आज साखर पाडतो. रात्री घाम फुटलेल्या, बडबडणाऱ्या पेशंटला झोपेचं इंजेक्शन देण्याआधी ग्लुकोमीटर लावा.

जेंटामायसिन आणि अमिकासिन या अँटिबायोटिकचा घाव सहसा पाच-सात दिवसांनी दिसतो आणि लघवी तोवर चांगली असते. हा धागा सुटू नये म्हणून अँटिबायोटिकचा आज कितवा दिवस ते रोजच्या नोंदीत लिहा. ‘काही औषध घेतलं का’ असं विचारलं तर लोक नाही म्हणतात. गुडघ्यांसाठी पुडी, भस्म, काढा, मेडिकलमधून आणलेली गोळी, असं एकेक नाव घेऊन विचारा.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न: खोकल्याचं कुठलं औषध दिलं? १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, लेंटिन आयोग त्यावरच बसला. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं किडनी निकामी होऊन नागपुरात आणली गेली, तेव्हाही खोकल्याच्या औषधातलं विष तेच होतं. साधा सर्दी-ताप, मग उलट्या आणि लघवी बंद असं मूल आलं तर बाटली मागवून घ्या आणि ती फेकू देऊ नका.

सलाईन: आधी कमी, मग नको तितकं

जीभ कोरडी, नाडी जलद, बीपी कमी अशा पेशंटला सलाईन लवकर आणि मोजून द्यायचं. ५०० मिली द्या, मग परत नाडी, बीपी, लघवी बघा, छातीला स्टेथो लावा, आणि पुढची बाटली ठरवा. आजींच्या बाबतीत पहिले दोन दिवस कमी गेलं. तिसऱ्या दिवशी घाबरून चार लिटर गेलं आणि संध्याकाळी त्या उठून बसल्या, दम लागून. किडनी एकदा बसली की ओतलेलं पाणी फुफ्फुसात जातं. अंग पाण्याने भरल्यावरही लघवी येत नाही म्हणून सलाईन वाढवत राहणं ही तितकीच मोठी चूक आहे. रोज वजन करा. बाटल्यांचा हिशेब चुकला तरी वजनकाटा सांगतो.

आरएल (रिंगर लॅक्टेट) या सलाईनमध्ये पोटॅशियम असतं म्हणून किडनीच्या पेशंटला देत नाहीत, हा समज अजून पक्का आहे. आरएलच्या लिटरमध्ये ते अवघं ४ मिलिइक्विव्हॅलंट असतं. उलट नॉर्मल सलाईन खूप गेलं की रक्त आम्लधर्मी होतं आणि पोटॅशियम त्यानेच वर सरकतं.

लॅसिक्स हे अंगात साठलेलं पाणी काढायचं औषध आहे. दम लागलाय, सूज आहे, तर जरूर द्या. पण त्याने किडनी बरी होत नाही. कोरड्या पडलेल्या पेशंटला बॅग भरलेली दिसावी म्हणून लॅसिक्स देणं म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोठा पंप बसवणं. ‘किडनीचा डोस’ म्हणून कमी मात्रेत दिलं जाणारं डोपामिनही उपयोगाचं नाही.

शहाळं

हे नातेवाइकांसाठी. लघवी कमी झाली की घरचे प्रेमाने शहाळं आणतात, लिंबूपाणी, मोसंबीचा रस आणतात. एका ग्लास शहाळ्याच्या पाण्यात साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. चालत्या किडनीला ते काहीच नाही, बंद किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि हृदय थांबू शकतं. खाटेखाली ठेवलेली तीन शहाळी बघून मी एका मुलाला बाहेर नेऊन हे समजावलं. त्याचा चेहरा उतरला, आपणच वडिलांचं वाईट करत होतो असं त्याला वाटलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दाखल करतानाच सांगा.

पोटॅशियम ६.५ च्या वर किंवा ईसीजीत टी लाटा उंच टोकदार दिसत असतील तर पुन्हा सँपल पाठवून रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश शिरेतून, मॉनिटरवर नजर ठेवून. ते हृदयाला सांभाळतं, पोटॅशियम कमी करत नाही, ही गोष्ट घाईत विसरली जाते. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, आणि पुढचे सहा तास दर तासाला साखर.

पावसाळ्यातला ताप आणि साप

आमच्या कोकणात लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दाबल्या की कळवळणं, डोळे लाल आणि मग कावीळ दिसली तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) धरूनच चालावं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनेही ही साथ पाहिली. लेप्टोत किडनी बसूनही लघवी चांगली येऊ शकते आणि पोटॅशियम वाढण्याऐवजी कमी होतं. त्यामुळे ‘लघवी होतेय ना’ म्हणून इथे निश्चिंत राहता येत नाही. लेप्टोची आयजीएम ही रक्तचाचणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्झोन तिच्यासाठी अडवून ठेवू नका.

घोणस चावली तर किडनीचा सगळा खेळ वेळेचा. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवा. गोठलं नाही तर प्रतिविष ताबडतोब. प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये ही चाचणी करू नका, उत्तर चुकतं. मांत्रिकाकडे गेलेले दोन तास नंतर कुठल्याच औषधाने भरून निघत नाहीत. प्रतिविष फिरतं विष बांधतं, झालेली इजा उलटवत नाही.

डायलिसिस कधी

क्रिएटिनिन किती झालं की डायलिसिस, असा ठराविक आकडा नाही. औषधाने न उतरणारं पोटॅशियम, फुफ्फुसात पाणी, वाढलेलं आम्ल, हृदयाच्या आवरणाची सूज किंवा युरियामुळे गुंगी, ही कारणं. यातलं एकही असेल तर तास मोजू नका. एकही नसेल तर घाई नको: २०२० मध्ये सुमारे तीन हजार अतिगंभीर रुग्णांवरचा स्टार्ट-एकेआय अभ्यास आला, त्यात लवकर डायलिसिस केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत आणि थांबलेल्या गटातल्या साधारण ३८ टक्के रुग्णांना ते लागलंच नाही. पण थांबायचं ते जिथे रात्रीही मशीन सुरू करता येतं अशाच ठिकाणी. तालुक्याच्या दवाखान्यात लघवी बंद आणि पोटॅशियम चढतंय, तर पेशंट बसू-बोलू शकतोय तोवरच १०८ बोलवा.

घरी पाठवताना

आजींना दोनदा डायलिसिस लागलं, मग लघवी वाढत गेली. घरी जाताना क्रिएटिनिन १.४ होतं. इथे बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर फक्त ‘जुलाब’ लिहिलं जातं, किडनीचं नाव नसतं, आणि जुनी गोळी पुन्हा सुरू होते किंवा कायमची बंद राहते. कार्डावर सर्वांत जास्त चढलेलं आणि जातानाचं क्रिएटिनिन लिहा, थांबवलेल्या गोळ्या आणि त्या कोणी, कधी सुरू करायच्या ते लिहा, आठवड्याने आणि तीन महिन्यांनी तपासणीची तारीख घाला. तीन महिन्यांनी बीपी आणि लघवीतलं अल्ब्युमिनही बघायचं असतं.

आजींच्या कार्डावर मी खाली मोठ्या मराठी अक्षरांत ‘डायक्लोफिनॅक, ब्रुफेन देऊ नये’ असंही लिहिलं. गुडघे दुखले की त्या आमच्याकडे येणार नव्हत्या, गावातल्या मेडिकलमध्ये जाणार होत्या, आणि ते कार्ड तिथेच वाचलं जाणार होतं.