मॉडेल रेल्वेचं इंजिन अडखळतंय? वीजपुरवठ्यातल्या या चुका टाळा

कंट्रोलरजवळ सुसाट धावणारं इंजिन रुळांच्या दुसऱ्या टोकाला गेलं की मलूल होतं. नवखा माणूस अशा वेळी नॉब आणखी फिरवतो. इंजिन तिथून कसंबसं निघतं आणि परत कंट्रोलरपाशी आलं की वळणावर उलटतं. दोष बहुतेक वेळा ना इंजिनाचा असतो, ना कंट्रोलरचा. वीज वाटेतच कुठेतरी वाया जात असते.

ती वाट आधी समजून घ्या. साध्या डीसी पद्धतीत वीज एका रुळातून त्या बाजूच्या चाकांत येते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून दुसऱ्या रुळात परत जाते. मॉडेल एचओ मापाचं (1:87) असो वा एन मापाचं (1:160), मोटर साधारण 12 व्होल्टची असते. व्होल्टेज वाढलं की वेग वाढतो, धन-ऋण टोकं उलटली की दिशा उलटते. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओला साधारण 14-15. वेगाचे आणि दिशेचे आदेश त्याच विजेतून जातात आणि इंजिनातला डीकोडर ते वाचून मोटर चालवतो.

जोडपट्ट्यांच्या भरवशावर राहणं

रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या रूळ सरळ रेषेत धरायला उत्तम, पण वीज वाहून न्यायला बेभरवशाच्या. काही महिन्यांत त्या सैल होतात, आतून काळवंडतात आणि प्रत्येक जोडावर थोडं थोडं व्होल्टेज खातात. मल्टिमीटर लावला तर कधी कधी सगळीकडे 12 व्होल्टच दिसतात आणि माणूस चक्रावतो. कारण रुळांवर भार नसेल तर प्रवाह वाहत नाही, आणि प्रवाह नसेल तर घट दिसतच नाही. म्हणून डीसी रुळांच्या लांबच्या टोकाला 12 व्होल्ट, 5 वॅटचा बल्ब क्लिपांनी जोडा, मग तिथलं आणि कंट्रोलरजवळचं व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर फीडर, म्हणजे रुळांना वीज पोचवणाऱ्या तारा, कमी पडताहेत असं समजा.

उपाय असा: टेबलाखालून 2.5 स्क्वेअर एमएमच्या दोन मुख्य तारा फिरवा आणि दर एक-दीड मीटरवर 0.5 स्क्वेअर एमएमच्या छोट्या तारांनी त्या रुळांना जोडा. या छोट्या तारा 30 सेंटीमीटरपेक्षा लांब नकोत. हिशोब करून बघा. मुख्य तार कंट्रोलरपासून 5 मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन 10 मीटर तांबं झालं. 3 अँपिअरला जाड तारेत जेमतेम 0.2 व्होल्ट जातात, तेवढ्याच लांबीच्या 0.5 च्या तारेत एक व्होल्ट.

दोन्ही रुळांसाठी दोन वेगळ्या रंगांच्या तारा घ्या आणि शेवटपर्यंत त्याच ठेवा. रंग बदलला की शॉर्ट ठरलेलाच. सोल्डरचा डाग रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्या, आतल्या बाजूला चाकाची कड आपटते. रूळ घासून फ्लक्स लावा, तारेवर आधीच सोल्डर चढवून ठेवा आणि गरम टोक दोन-तीन सेकंदच टेकवा. दोन्हीकडे ओला कापूस ठेवला तर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळत नाहीत.

फास घातला आणि कंट्रोलर बंद पडला

गाडी वळून त्याच रुळावर परत येईल असा फास घातला की डावा रूळ फिरून उजव्याला जाऊन मिळतो. रुळांवर एकही गाडी नसताना कंट्रोलर ट्रिप होत असेल तर आधी हेच बघा. फासाच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांवर, समोरासमोर प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या घाला. मधला तुकडा सगळ्यात लांब गाडीपेक्षा मोठा हवा. डीसीत त्याला उलट-सुलट करणारा डीपीडीटी स्विच लावा, डीसीसीत तेच काम आपोआप करणारा ऑटो-रिव्हर्सर.

सँडपेपरने रूळ घासणं

चरे पडतात, त्यात मळ साचतो, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. चाकंही त्यानेच पुसा, नाहीतर मळ फिरून रुळांवर येतो. डब्यांची प्लॅस्टिकची चाकं बदलून धातूची बसवली तर फरक लगेच जाणवतो. फक्त सांध्यावरच, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथेच, थांबणाऱ्या छोट्या चारचाकी इंजिनाला मात्र पुसून उपयोग नाही. तिथला प्लॅस्टिकचा फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) त्याच्या चाकांची वीज तोडतो. धातूचा फ्रॉग बसवा आणि त्याची वीज सांध्याबरोबर बदलेल असा स्विच जोडा.

सांध्याच्या कॉइलला सतत वीज देणं

कॉइलवाल्या सांधा-मोटरला क्षणभराचा झटका पुरतो. साधा ऑन-ऑफ स्विच लावलात आणि तो चालू राहिला तर कॉइल जळते. दाबून सोडायचं बटणच लावा. झटका कमी पडत असेल तर कपॅसिटरवाला डिस्चार्ज युनिट मध्ये घाला.

डीसी आणि डीसीसी एकाच रुळांवर

दोन्ही एकाच वेळी जोडू नका, म्हणजे नकोच. एक तरी यंत्र गमावून बसाल. डीकोडर नसलेलं इंजिनही डीसीसी रुळांवर उभं करू नका. मोटर गुणगुणते, तापते, आणि कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) असेल तर चटकन जळते. नवा डीकोडर दाद देत नसेल तर पत्ता 3 वर (डीसीसीत इंजिनाला ज्या क्रमांकाने आदेश देतात तो पत्ता) बोलावून बघा, कारखान्यातून बहुतेक डीकोडर त्याच पत्त्यावर येतात.

डीसीसीची वायरिंग झाली की कंट्रोलरपासून सर्वांत दूरच्या जागी दोन्ही रुळांवर आडवं नाणं ठेवा. बूस्टर, म्हणजे रुळांना डीसीसीची वीज पुरवणारं यंत्र, तत्काळ बंद पडायला हवा. नाही पडला तर नाणं लगेच उचला. तारांचा रोध जास्त असल्याने बूस्टरला तिथला शॉर्ट कळत नाहीये आणि खरोखर शॉर्ट झाला तर पूर्ण प्रवाह वाहत राहून चाकं आणि स्लीपर वितळतील. त्या टोकाला आणखी एक फीडर जोडून नाणं पुन्हा ठेवून बघा.